टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोनलिका : निर्मिती आणि प्रकाश-उत्प्रेरक म्हणून उपयुक्तता

प्रस्तावना :

प्रकाश शोषून रासायनिक अभिक्रियेला गती देणाऱ्या पदार्थास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर जंबुपार किरण पाडून पाण्याचे विघटन घडवून दाखविले. तेव्हापासून भिंतींच्या पांढऱ्या रंगात वापरला जाणारा हा स्वस्त व टिकाऊ पदार्थ संशोधनाचा विषय झाला.

त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश मिळाला की इलेक्ट्रॉन वहनपट्टात जातो व संयुजापट्टात धनप्रभारित रंध्र उरते. ही जोडी पृष्ठभागापर्यंत पोहोचली, तर पाणी व ऑक्सिजन यांच्यापासून क्रियाशील मूलके तयार होऊन सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन होते. परंतु बहुसंख्य जोड्या वाटेतच पुन्हा एकत्र येतात व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. नलिकेची भिंत काही नॅनोमीटरच जाड असल्याने प्रभाराचा पृष्ठभागापर्यंतचा प्रवास अल्प होतो आणि पृष्ठक्षेत्रफळही वाढते. नलिकेच्या आकाराचे आकर्षण यातच आहे.

निर्मितीच्या पद्धती :

पहिली पद्धत धनाग्रीकरणाची. टायटॅनियमचा पत्रा धनाग्र म्हणून फ्लोराइडयुक्त द्रावणात ठेवून विद्युतदाब दिला जातो. धातूवर ऑक्साइडचा थर चढत असतानाच फ्लोराइड आयन तो विरघळवत असतात. या दोन क्रियांच्या स्पर्धेतून पत्र्यावर उभ्या नलिकांची दाट रांग तयार होते. २००१ मध्ये ग्राइम्स व सहकाऱ्यांनी त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले. हे आम्ल त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करते. पुढे रूढ झालेले इथिलीन ग्लायकॉल व अमोनियम फ्लोराइड यांचे द्रावण तुलनेने सोयीचे असले, तरी फ्लोराइडबाबतची दक्षता त्यातही सुटत नाही.

दुसरी पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळेला अधिक परवडणारी आहे. १९९८ मध्ये कासुगा व सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडयुक्त भुकटी सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५ ते १० मोलर द्रावणात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २० तास तापविली. त्यातून सुमारे ८ नॅनोमीटर व्यासाच्या व १०० नॅनोमीटर लांबीच्या नलिका मिळाल्या. टेफ्लॉनचे अस्तर असलेले पोलादी बंद पात्र व भट्टी एवढ्या साधनांवर हे काम होते. मात्र अशा नलिका नावाने डायऑक्साइडच्या असल्या, तरी विरल आम्लाने धुतल्यानंतर हाती येतो तो बहुधा स्तरित टायटॅनेट असतो, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. धुणे अपुरे राहिल्यास उरलेले सोडियम उत्प्रेरणास बाधक ठरते.

उष्णता आणि आकार :

खरा पेच येथून सुरू होतो. टायटॅनेटपासून ॲनाटेज मिळविण्यासाठी नलिका भाजाव्या लागतात. परंतु साधारण ४०० ते ५०० अंशांच्या पुढे त्यांच्या भिंती मोडून साध्या कणांत त्यांचे रूपांतर होऊ लागते आणि पृष्ठक्षेत्रफळ घटते. स्फटिकता हवी तर आकार जातो, आकार राखावा तर स्फटिकता अपुरी राहते. पत्र्यावरील नलिकाही आरंभी अस्फटिकी असतात, पण ४५० अंशांच्या सुमारास ॲनाटेज होऊनही त्या उभ्या राहतात. शिवाय उत्प्रेरक पत्र्याला चिकटलेला असल्याने पाण्यातून गाळून काढावा लागत नाही. तयार होणारे प्रमाण मात्र अत्यल्प असते.

क्रियाशीलतेची चाचणी :

बहुतेक प्रयोगशाळांत मिथिलीन ब्लू या रंजकाचा रंग किती उतरला यावरून क्रियाशीलता ठरविली जाते. येथे विशेष सावधगिरी हवी. हा रंजक धनप्रभारित आहे व टायटॅनेटच्या नलिका धन आयन सहज धरून ठेवतात. त्यामुळे अंधारातही द्रावण फिकट होते. त्याला विघटन म्हणता येणार नाही. द्रावणाचे शोषण अंधारात स्थिर होईपर्यंत थांबून मगच दिवा लावला पाहिजे. उत्प्रेरकाविना प्रकाशाचा स्वतंत्र प्रयोगही आवश्यक आहे, कारण रंजक स्वतःच प्रकाश शोषतो. इतकेच नव्हे, तर ऑक्सिजन अपुरा असल्यास तो क्षपण होऊन रंगहीन बनतो आणि हवा लागताच पुन्हा निळा होतो. म्हणून केवळ ६६४ नॅनोमीटरवरील शोषण कमी झाले एवढ्यावर समाधान न मानता द्रावणातील एकूण सेंद्रिय कर्ब मोजावा. ते साधन उपलब्ध नसेल, तर निष्कर्षात ‘विघटन’ असे न लिहिता ‘रंगनाश’ असेच लिहावे.