हार्ड डिस्कचे विभाग व अक्षरनामे

संगणकातील एकाच हार्ड डिस्कचे, स्वतंत्र साठवण-साधनांप्रमाणे वापरता यावेत असे जे भाग पाडले जातात, त्यांना विभाग किंवा पार्टिशन म्हणतात. एमएस-डॉस व विंडोज या प्रणालींत अशा विभागास ओळखीसाठी एक रोमन अक्षर देतात. ही विभागणी भौतिक नसून केवळ नोंदीच्या स्वरूपाची असते.

अक्षरनामांची पद्धत १९७०–८० या दशकातील सीपी/एम प्रणालीवरून डॉसमध्ये आली. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क नव्हती; ए व बी ही अक्षरे फ्लॉपींसाठी होती. १९८३ मध्ये एक्सटी संगणकात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली व तिला सी हे अक्षर मिळाले. फ्लॉपी मागे पडल्यावरही ते तसेच राहिले.

डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारी आज्ञावली, ६४ बाइटांत विभागांचे कोष्टक व अखेरच्या २ बाइटांत ओळखखूण असते. कोष्टकात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावत असल्याने प्राथमिक विभाग चारांहून अधिक होत नाहीत. त्या काळी एका विभागाची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट असल्यामुळे मोठ्या डिस्कचे भाग पाडणे भागच होते. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये विस्तारित विभाग व त्यातील अनेक तार्किक विभाग यांची सोय झाली.

अक्षर हे विभागाचे कायमचे नाव नव्हे. डॉस प्रथम प्रत्येक डिस्कवरील एका प्राथमिक विभागास व नंतर तार्किक विभागांस क्रमाने अक्षरे देत असे. त्यामुळे सी व डी विभाग असलेल्या संगणकास प्राथमिक विभाग असलेली दुसरी डिस्क जोडली की, तिला डी मिळे व जुना डी हा ई होई. ते लक्षात न घेता जुन्या अक्षरावर फॉरमॅटची आज्ञा दिल्यास भलत्याच विभागातील माहिती गमावण्याचा धोका असे. विंडोज एनटी व तिच्या पुढील प्रणालींत अक्षरांची नोंद जपून ठेवली जाते.

पहिला सेक्टर बिघडल्यास सर्वच विभाग दिसेनासे होतात. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा संगणकीय विषाणू याच सेक्टरमध्ये शिरत असे व ५ जानेवारीस संगणक अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करावयास लावी. मात्र कोष्टकातील नोंद पुसली, तरी मूळ मजकूर लगेच नष्ट होत नाही; त्यावर नवे लेखन झाले नसल्यास तो बहुधा परत मिळविता येतो. याउलट डिस्कच निकामी झाल्यास तिचे सर्व विभाग एकदमच जातात. म्हणून सी विभागातील माहितीची डी विभागात ठेवलेली प्रत सुरक्षित समजता येत नाही. ती निराळ्या साधनावर असावी लागते.