दाब सोडला की द्रावक नाहीसा

पॉलिमरचे नॅनोकण करायचे तर बहुतेक वेळा तो आधी विरघळवावा लागतो, आणि एकदा विरघळला की द्रावक काढून टाकणे हीच मोठी डोकेदुखी होऊन बसते. औषधाच्या कणात क्लोरोफॉर्मचा अंश राहून कसे चालेल? अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सुन यांच्या गटाने द्रावक म्हणून घेतला तो कार्बन डायऑक्साइड. दाब सोडला की तो वायू होऊन निघून जातो. मागे काहीच ठेवत नाही.

हा कार्बन डायऑक्साइड भरलेल्या जाड पोलादी कुपीच्या नीलम स्फटिकाच्या खिडकीतून पाहिले, तर द्रव आणि वायू यांच्यामधली रेघ स्वच्छ दिसते. तापमान ३१ अंशांजवळ आणि दाब ७४ बारच्या आसपास पोहोचला की ती पुसट होते, सगळे दुधाळ होते, आणि मग रेघ उरतच नाही. आता आत जे आहे त्याची घनता द्रवाच्या जवळची, पण वाहणे वायूसारखे. हीच सुपरक्रिटिकल अवस्था.

यात पॉलिमर विरघळवून केसाहून बारीक छिद्रातून फवारला, की दाब क्षणार्धात कोसळतो आणि असंख्य कण एकाच वेळी जन्माला येतात. नॉझल मात्र गरम ठेवावे लागते, नाहीतर प्रसरणाच्या थंडीने ते तुंबते. हवेत फवारले तर कण एकमेकांवर आदळून चिकटतात, वाढतात. क्लेमसनच्या गटाने नॉझलचे तोंड पाण्यात बुडवले. २००४ मध्ये त्यांनी एका फ्लोरिनयुक्त ॲक्रिलेट पॉलिमरचे ५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण मिळाल्याचे प्रसिद्ध केले. पाण्यात स्थिरकारक मिसळला नाही तर तेही पुढे गोळा होतात.

खरी अडचण आहे ती पॉलिमर निवडण्यात. कार्बन डायऑक्साइडमध्ये सहज विरघळतात ते मुख्यतः फ्लोरिनयुक्त पॉलिमर आणि सिलिकोन. जोसेफ डीसिमोन यांनी नॉर्थ कॅरोलिनात १९९२ मध्ये या द्रावकात पॉलिमर तयार करून दाखवले, तेही फ्लोरिनयुक्तच. महाग, शिवाय निसर्गात सहसा न कुजणारे. अशा पॉलिमरवर विसंबणाऱ्या पद्धतीला पर्यावरणस्नेही म्हणायला माझे मन धजत नाही. म्हणून मला पिट्सबर्गच्या एरिक बेकमन यांच्या गटाचे २०००चे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी फ्लोरिनशिवाय विरघळणारे ईथर-कार्बोनेट पॉलिमर घडवले, आणि त्यांच्या कच्च्या मालात प्रोपिलीन ऑक्साइडच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडच होता.