पट्ट्यांचा हिशेब

नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या तालुक्याच्या गावी बारावीच्या विज्ञान शाखेचा विद्यार्थी प्रकाशाच्या व्यतिकरणावरील जी उदाहरणे सोडवतो, त्यांचे मूळ थॉमस यंग याने १८०१ च्या सुमारास मांडलेल्या विचारात आहे: एकाच उगमाच्या दोन किरणांच्या मार्गांत पूर्ण तरंगांचा फरक असेल तेथे उजेड, अर्ध्याचा असेल तेथे काळोख. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, दोन फटींमधील अंतर अर्धा मिलिमीटर आणि पडदा एक मीटर दूर, एवढा तपशील हाती आला की तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणून फटींमधील अंतराने भागावे. लगतच्या दोन तेजस्वी पट्ट्यांमध्ये १.१८ मिलिमीटर अंतर निघते. सदर उपकरण पाण्यात बुडवले तर तेच अंतर ०.८९ मिलिमीटर होते, कारण पाण्यात तरंग आखूड होतो. हे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते, कारण येथे नुसते सूत्र पाठ असून भागत नाही. शिवाय व्यतिकरण केवळ अशा उदाहरणांपुरते राहत नाही: नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथनजीक, चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली; गुरुत्वीय लहरींमुळे त्या भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक तेथे लेसर किरणांच्या याच व्यतिकरणाने मोजला जाणार आहे.