किंमत किती लिहू?

आईने बांधलेलं पार्सल आणि परदेशातलं तुमचं घर यांच्यामध्ये असतो एक छापील फॉर्म. पार्सलचं काय होणार, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं!

परदेशात नोकरी लागली की पहिल्या वर्षी आपण दोन बॅगा भरून सामान नेतो. लोणचं, मेतकूट, गोडा मसाला, प्रेशर कुकर, सगळं काही. दुसऱ्या वर्षी बॅगा रिकाम्या होतात आणि पार्सलांचा सीझन सुरू होतो. गणपतीनंतर आयांचे फोन यायला लागतात. डबा स्टीलचा घेऊ की प्लॅस्टिकचा, चकली मोडणार तर नाही ना, बेसनाचे लाडू तिथे पोचेपर्यंत टिकतील ना? खरा प्रश्न मात्र पोस्टाच्या काउंटरवरच पडतो. आत काय आहे आणि त्याची किंमत किती?

मी सहा वर्षं जर्मनीत आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. पार्सल अडकलं की आपण कस्टम्सला नावं ठेवतो, पण बरेचदा घोळ त्याआधीच, फॉर्म भरताना झालेला असतो.

दारात पार्सल नाही, पत्र!

इथे कस्टम्सला ‘त्सोल’ म्हणतात. सगळं ठीक असेल तर पार्सल थेट दारात येतं आणि आपल्याला त्सोल नावाचं काही असतं याचा पत्ताही लागत नाही. शंका आली तर मात्र एक पत्र येतं. ‘तुमचं पार्सल आमच्याकडे आहे, ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा घेऊन या.’ आता आईच्या चिवड्याचं बिल कुठून आणायचं बॉस?

तिथे गेलं की टोकन घ्यायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. नंबर आला की काउंटरवर आपलं पार्सल येतं आणि सोबत एक कटर. खोका आपणच उघडायचा. आईने सेलोटेपची आठ वेटोळी मारलेली असतात, त्यामुळे हा कार्यक्रम जरा लांबतो. मग एकेक वस्तू बाहेर काढून दाखवायची. नाव नसलेल्या पिशवीतलं तपकिरी पीठ (भाजणी!), पितळेचा जड सोऱ्या, सुपारीचा डबा. सोऱ्या म्हणजे काय हे जर्मनमध्ये समजावणं हा एक वेगळाच अनुभव आहे. मी शेवटी मोबाइलवर चकलीचा फोटो दाखवते.

पाच युरोंची गोधडी

२०२३ च्या हिवाळ्यात आईने पाठवलेल्या पार्सलात एक गोधडी होती. वर आजीची अंजिरी नऊवारी, आत तिच्याच आणखी तीन साड्या. आजी गेल्यानंतर आईने ती शिवायला घेतली होती. पोस्टातून तिचा फोन आला.

“अगं, इथे प्रत्येक वस्तूची किंमत विचारतायत. गोधडीची काय लिहू? घरच्याच तर साड्या आहेत. शून्य लिहू का?”

काउंटरवरच्या बाईंनी शून्य चालणार नाही म्हणून सांगितलं. आईने पाचशे रुपये लिहिले. म्हणजे जेमतेम पाच-साडेपाच युरो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी गोधडी उलगडली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे हाताने शिवलंय?”

“हो. माझ्या आईने.”

“किती दिवस लागले?”

“दोन उन्हाळे.”

“मग पाच युरो कसे?”

त्यांचं चुकत नव्हतं. हाताने शिवलेल्या भारतीय गोधड्या इथल्या दुकानांत चांगल्या महाग मिळतात. किंमत मुद्दाम कमी दाखवली असेल, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मी कडेचा विरलेला भाग दाखवला. दोन ठिकाणी आजीनेच कधीतरी रफू केलेलं होतं, तेही दाखवलं.

“विकली तर किती येतील?” त्यांनी विचारलं.

“मी विकणार नाही.”

“ते कळलं मला. पण इथे आकडा लिहावा लागतो.”

थोडा वेळ विचार करून त्यांनी ३० युरो लिहिले. बाकीचं सामान बारा-तेरा युरोंचं. एकूण ४५ च्या आत, म्हणून टॅक्स शून्य. गोधडीची घडी मात्र त्यांनी स्वतः घातली, अगदी व्यवस्थित.

बाहेर आल्यावर मला जरा राग आला होता. पाच युरो हा आकडा खोटा होता, तसा तीसही खोटाच वाटत होता. ट्राममध्ये बसल्यावर डोकं शांत झालं. तो रकाना ‘तुम्हाला हे किती मोलाचं आहे’ असं विचारतच नाही. ही वस्तू बाजारात ठेवली तर कितीला जाईल, एवढंच त्याला हवं असतं. उत्तर एका ओळीत, आकड्यात आणि पटेल असं द्यायचं. आईचा जीव गुंतलेला असतो, म्हणून तिला ते जमत नाही. ते काम आपलं.

गिफ्टचा फंडा

भारतातून युरोपियन युनियनमध्ये घरच्यांनी घरच्यांना पाठवलेलं गिफ्ट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असतं. अट अशी की ते अधूनमधून पाठवलेलं असावं, वापरण्यासाठी असावं आणि त्याचे पैसे घेतलेले नसावेत. त्यावर किंमत गेली तर जर्मनीत ७०० युरोंपर्यंतच्या बऱ्याचशा गिफ्टवर सरसकट १५ किंवा १७.५ टक्के भरून सुटका होते. ब्रिटनमध्ये गिफ्टची मर्यादा ३९ पौंड आहे, कॅनडात ६० डॉलर.

आपण स्वतः भारतातल्या वेबसाइटवरून कुर्ता मागवला आणि आईने तो पाठवला, तर ते गिफ्ट नाही! ऑनलाइन खरेदीचा हिशोब वेगळा असतो. आधी २२ युरोंपर्यंतच्या खरेदीवर व्हॅट नव्हता, ती सूट युनियनने १ जुलै २०२१ पासून बंद केली. १५० युरोंखालच्या खरेदीवर ड्युटी माफ असायची. तिथेही १ जुलै २०२६ पासून तीन युरोंची ड्युटी लावायचं डिसेंबर २०२५ मध्ये ठरलं.

नारळ चालतो, आंबा नाही

किंमत कमी म्हणून सगळंच आत येतं असं नाही. युरोपात खासगी पार्सलमधून मांस आणि दुधाचे पदार्थ मागवता येत नाहीत. म्हणजे खवा नको, पनीर नको आणि साजूक तुपाची बरणीही नको. कारण जनावरांचे रोग. ताज्या भाजीपाल्याला आणि फळांना १४ डिसेंबर २०१९ पासून रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे कढीपत्त्याची जुडी बाद. सूट फक्त पाच फळांना: नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन. आपला हापूस त्यात नाही. फळमाशीमुळे तर मे २०१४ पासून भारतातल्या आंब्यांच्या आयातीवरच युरोपात बंदी होती, ती २०१५ मध्ये उठली.

औषधांचंही तसंच. युरोपबाहेरून टपालाने खासगी व्यक्तीला औषध पाठवणं जर्मनीत साधारणपणे चालत नाही. ‘सर्दीच्या गोळ्या टाकल्यात हं थोड्या’ हे वाक्य ऐकलं की आईला प्रेमाने थांबवा.

अमेरिकेतल्या मित्रांची दिवाळी

जर्मनीतले नियम कटकटीचे असले तरी निदान माहितीचे असतात. अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींना २०२५ मध्ये वेगळाच झटका बसला. तिथे २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नव्हती. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. नवी ड्युटी कोणी आणि कशी गोळा करायची हेच स्पष्ट नव्हतं, त्यामुळे भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. महिनाअखेरीस पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतची गिफ्टंसुद्धा थांबली. सेवा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, अगदी दिवाळीच्या तोंडावर. तोवर फराळाचे डबे भरून घरातच बसले होते!

पार्सल बांधण्याआधी

• पार्सलबरोबरचा सीएन २३ हा फॉर्म जगभरच्या टपालात साधारण सारखाच असतो. तो तुम्ही इथे बसून इंग्रजीत तयार करा आणि आईला पाठवा. तिला काउंटरवर विचार करायची वेळ येऊ देऊ नका.

• ‘गिफ्ट’, ‘खाऊ’, ‘घरगुती सामान’ असे मोघम शब्द नकोत. ‘तळलेला तांदळाचा खाद्यपदार्थ, ५०० ग्रॅम’, ‘वापरलेली सुती गोधडी, १ नग’ असं लिहा. २०२१ पासून युरोपला जाणाऱ्या पार्सलची माहिती कॉम्प्युटरवरून आधी पोचते आणि पार्सल नंतर.

• प्रत्येक वस्तूचं वजन आणि किंमत वेगळी लिहा. बेरीज जुळली पाहिजे.

• पिठांच्या आणि मसाल्यांच्या पुड्यांवर इंग्रजीत नाव लिहिलेलं लेबल लावा.

• विकत घेतलेल्या वस्तूचं बिल आत ठेवा आणि त्याचा फोटो स्वतःकडेही ठेवा. हाताने केलेल्या वस्तूबरोबर दोन ओळींची चिठ्ठी: कोणी केली, कशापासून, नवी की जुनी.

• कस्टम्सचं पत्र आलं की टाळाटाळ नको. मुदत संपली की पार्सल परत जातं, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास पाठवणाऱ्याला होतो.

• किमतीच्या रकान्यात ‘नो व्हॅल्यू’ कधीच लिहू देऊ नका. कस्टम्सला ते खरं वाटत नाही. आणि तसं बघितलं तर ते खरं नसतंच!