जुन्या मालमोटारीच्या पत्र्याचे सांधे

आमच्या वाचकांपैकी काहींच्या खळ्यावर जुनी मालमोटार उभी असेल. टाटा कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून बांधावयास घेतलेल्या गाड्यांपैकी एखादी, किंवा १९८६ साली निघालेली ४०७. इंजिन धडधाकट असते, कमानपाटे शाबूत असतात. परंतु चालकाच्या केबिनचा तळ पायाखाली भुगा होऊ लागलेला असतो. अशी गाडी मोडीत घालावी की राखावी, हे ठरविण्यापूर्वी तिच्या पत्र्याचे सांधे पाहावेत, असे आमचे मत आहे.

केबिन एकसंध पत्र्याची नसते. एका पत्र्यावर दुसऱ्याची कड चढवून त्यांस ठिकठिकाणी टाके देतात. दोन टाक्यांमधील बारीक फटीत पाणी ओढले जाते. काळ्या जमिनीत खालची ओल केशाकर्षणाने वर चढते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. येथेही तोच प्रकार होय. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर व आत अपुरी, या भेदामुळे आतलेच लोखंड आधी झिजते. शिवाय गंजास मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते. तो फुगून सांधा उलवितो, रंग तडकतो आणि पाण्यास आणखी वाट मिळते. म्हणून वरून नवा रंग फासणे हा उपाय नव्हे.

आपल्या जिल्ह्यात याची विशेष काळजी घ्यावयास हवी. संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव तालुक्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतल्यास क्षार सांध्यात बसतात व गंजाचा वेग वाढतो. पोटॅश खताच्या गोण्या वाहिल्यावर सांडलेली पूडही तेच करते, कारण आपण बहुधा वापरतो ते पोटॅश क्लोराइडच असते.

दुरुस्तीत क्रम मोडू नये. प्रथम जुना मसाला खरवडून सांधा तारेच्या ब्रशाने उघडा करावा. कुजलेला पत्रा कापून काढावा. त्यावर लांबी भरून झाकण्याचा मोह टाळावा, कारण हादऱ्याने ती तडकते व ओल धरून ठेवते. नवा तुकडा जोडण्यापूर्वी एकमेकांवर बसणाऱ्या दोन्ही बाजूंस जोडकाम सोसणारा जस्तयुक्त प्रायमर लावावा. बॅटरीच्या तारा सोडवूनच वेल्डिंग करावे आणि जस्ताचा धूर श्वासात जाऊ देऊ नये. सारे वेल्डिंग आटोपल्यावर इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर पॉलियुरेथेनचा सीम सीलर, आणि शेवटी रंग. सीलर आधी भरून मागाहून जोडकाम केल्यास तो जळून जातो. नुसती रेघ ओढून भागत नाही. ब्रशाने दाबून तो फटीत घालावा. न्हाणीघरात वापरतात ते आंबूस वासाचे सिलिकॉन मात्र येथे नको. वाळताना त्यातून सुटणारे आम्ल लोखंडास बाधते, व त्यावर रंगही धरत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. कारागीर उत्साहाच्या भरात खालची छिद्रेही बुजवून टाकतात. दाराच्या काचेलगत पाणी आत उतरावयाचेच. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ती बुजली की दाराची घागर होते आणि ते आतून कुजते. छप्पर, काचेची चौकट व तळाचे सांधे बंद करावेत. निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी ठेवावीत. रंग वाळल्यावर पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक फवारावे, आणि छिद्रे पुन्हा एकदा तपासावीत.

हे काम वैशाखात उरकावे. त्या दिवसांत पत्रा खरोखर कोरडा होतो. आषाढात भरलेल्या सांध्याखाली ओल कोंडून राहण्याची भीती असते. काम झाल्यावर पायाखालची चटई काढून छपरावर व समोरच्या काचेवर बराच वेळ गोडे पाणी सोडावे आणि आत कोठे थेंब दिसतो ते पाहावे. जेथे तो दिसेल तेथील सांधा पूर्ण वाळवून पुन्हा भरावा, व तोवर चटई अंथरू नये.