जमिनीखालचे कालवे बघायला बीदरला चला

युरोपात ब्रुज, गेंट अशी कालव्यांची मध्ययुगीन शहरं एका दिवसात गाइडसोबत बघतात. आपल्या रेणापूरकरांना तशी सहल उदगीर-भालकी मार्गे बीदरला करता येते. फरक एवढाच, की इथला कालवा जमिनीखाली आहे!

त्याला कारेज म्हणतात. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली आणि पाण्यासाठी इराणी पद्धतीचं हे तंत्र वापरलं. वर जांभा, खाली काळा पाषाण. जांभ्यातून पाझरलेलं पाणी काळ्या दगडावर अडतं. तिथेच मंद उताराचा बोगदा खोदायचा, की पाणी आपोआप वाहतं. ना मोट, ना मोटार. मधेमधे उभ्या विहिरी, हवेसाठी नि गाळ काढायला. नौबादचं कारेज दोन किलोमीटरहून लांब आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या आपल्या लातूरकरांनी तर हे बघायलाच हवं.

किल्ल्यात गाइड नक्की घ्या. जांभ्यात कोरलेला तिहेरी खंदक पाटी वाचून कळत नाही. रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम बघा. गावात महमूद गवानचा १४७२ चा मदरसा आहे. १६९६ च्या स्फोटात बराच ढासळला, तरी दर्शनी भागावर निळ्या फरशा टिकून आहेत.

पहाटेच निघा, पाणी-भाकरी सोबत घ्या. आणि कारेजच्या विहिरींजवळ लेकरांचा हात सोडू नका, त्या खोल आहेत.