नगरसेवकाला नेमके किती पैसे मिळतात?

लोकप्रतिनिधींच्या मानधनावर संशोधन करायचंय? मग आधी कॅलिफोर्नियातलं बेल हे छोटं शहर पाहा. 2010 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केलं, की तिथल्या पाचपैकी चार नगरसेवकांना अर्धवेळ कामाचे वर्षाला सुमारे 1 लाख डॉलर मिळत होते. त्यातली बहुतेक रक्कम नगरसेवकपदाची नव्हतीच. जेमतेम बैठका होणाऱ्या मंडळांच्या नावावर ती निघायची.

म्हणजे तुम्ही फक्त ‘पदाचं मानधन’ हा रकाना घेतलात, तर आकडा खरा आणि निष्कर्ष चुकीचा! मानधन, भत्ते, समित्यांचे पैसे वेगवेगळे नोंदवा, मग बेरीज करा.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मधला वेतनाचा मुद्दा अधिकारी-कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो, लोकप्रतिनिधींचा वेगळा उल्लेख करत नाही. त्यामुळे वेबसाइटवर आकडा नसेल, तर अर्ज टाकायची तयारी ठेवा.